माथ्यावरच्या गावाचे पाणी

पाणी नासले की माणूस प्रथम वरच्या गावाकडे बोट दाखवितो. खालच्या गावास वाटते, ही घाण वरून आली; वरच्यास वाटते, ती आणखी वरून आली. परंतु जे गाव माथ्यावरच वसले आहे, त्याने कोणाकडे बोट दाखवावे? इंदूरच्या दक्षिणेस, खांडवा मार्गावर असलेले सिमरोल हे असे गाव होय. आगोटीची कामे करताना प्रत्येक कुटुंबाने ध्यानी घ्यावा असा एक विचार त्याच्या उदाहरणावरून आम्ही आज वाचकांपुढे मांडीत आहोत.

सिमरोलच्या परिसरात माळव्याचे पठार संपते आणि विंध्याचा घाट सुरू होतो. या कडेवर पावसाच्या पाण्याची वाट दुभंगते. उत्तरेकडे उतरणारे पाणी कान्ह व क्षिप्रा या नद्यांच्या खोऱ्यात शिरते. पुढे चंबळ, यमुना व गंगा अशी मजल करीत ते बंगालच्या उपसागरास मिळते. दक्षिणेकडे घाट उतरणारे पाणी चोरल नदीतून बडवाहाजवळ नर्मदेत जाते. तेथून खालच्या अंगास, मंडलेश्वरनजीक जलूद येथे, नर्मदेचे पाणी उपसून १९७८ सालापासून इंदूर शहरास पुरविले जाते. आणि त्याच काठाने थोडे पुढे गेले की अहिल्याबाई होळकरांचे महेश्वर लागते. म्हणजे घाटमाथ्यावरच्या एखाद्या अंगणातून जे वाहून गेले, त्याचा अंश इंदूरच्या घागरीत परत येऊ शकतो. पाणी पाठ फिरवून गेले तरी नाते तोडीत नाही.

आता हे पाणी आपल्या अंगणातून काय घेऊन जाते, ते पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी जमते. या हिशेबाने १०० चौरस मीटरांच्या अंगणावर एक इंच पाऊस झाला की सुमारे २,५०० लिटर पाणी साचते. माळव्याची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. पण एकदा भिजून फुगली की पाणी सहजी आत घेत नाही. त्यात आता सिमरोलला भारतीय प्रौद्योगिकी संस्थेचा विस्तीर्ण परिसर उभा आहे, रस्ते व पक्की बांधकामे वाढली आहेत. सिमेंट व डांबर यांतून पाणी मुरत नाही, ते धावते. आठ महिन्यांत साठलेले शेणमूत, राख, साबणाचा फेस, गाड्यांचे गळलेले तेल, प्लास्टिकच्या पिशव्या, शेतातील खत व औषध, हे सारे मृगाच्या पहिल्या सरी एका दिवसात नाल्यात नेऊन टाकतात. म्हणूनच पहिल्या पावसाचे पाणी सर्वांत गढूळ व सर्वांत घातक असते.

याचे परिणाम केवळ डोळ्यांस दिसणारे नव्हेत. शेणखत व रासायनिक खत यांतील नत्र आणि स्फुरद पाण्यात उतरले की शेवाळ व जलपर्णी माजते. ती कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो व मासे मरतात. नायट्रेट विहिरीत उतरले तर ते तान्ह्या मुलांस अपायकारक ठरते. मैलापाणी मिसळले तर विषमज्वर, कावीळ व अतिसार घरोघर पोहोचतात. २०१४ सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील टोलेडो शहरात चार लाखांहून अधिक लोकांस नळाचे पाणी न पिण्याचा आदेश निघाला होता. ईरी सरोवरात विषारी शेवाळ माजले होते, आणि त्याचे मुख्य कारण शेतांतून वाहून आलेला स्फुरद हे होते. धनाढ्य देशाचे जलशुद्धीकरणही तेथे अपुरे पडले.

आपल्या जवळचे उदाहरण कान्ह नदीचे आहे. जिच्या काठी होळकरांच्या कृष्णपुरा छत्र्या आजही उभ्या आहेत, ती ही नदी शहर वाढले तशी गटारासारखी झाली. २०१६ च्या उज्जैन सिंहस्थाच्या वेळी तिचे पाणी क्षिप्रेत मिसळू नये म्हणून नळ टाकून ते दुसरीकडे वळवावे लागले. पुढे इंदूरने नाल्यांत पडणारे सांडपाणी अडविण्याचे मोठे काम केले व २०२१ साली देशातील पहिले ‘वॉटर प्लस’ शहर म्हणून त्यास मान मिळाला. हे कार्य स्तुत्य आहे. तथापि सांडपाणी नळातून येते, म्हणून ते अडवून शुद्ध करता येते. पावसाचे पाणी प्रत्येक अंगणातून, प्रत्येक बांधावरून येते. त्याला अडविणारे यंत्र कोणत्याही नगरपालिकेपाशी नाही. तेथे पहारा घरधन्याचा व घरधनिणीचाच हवा.

सुदैवाने हा पहारा खर्चाचा नाही. उकिरडा नाल्याच्या काठी नसावा. तो उंचवट्यावर, खड्ड्यात, भोवती मातीचा बांध घालून करावा आणि पावसाळ्यात वरून झाकावा. त्यात शेतकऱ्याचाच लाभ आहे, कारण उघड्या उकिरड्याचा कस पावसाबरोबर वाहून जातो. सोयाबीन पेरताना खत वर न उधळता मातीआड द्यावे, आणि मोठ्या पावसाची चिन्हे असता मुळीच टाकू नये. नाल्याच्या कडेला दोन-चार हात रुंदीची गवताची पट्टी राखावी. धावते पाणी तेथे मंदावते व माती मागे ठेवते. फवारणीचा पंप ओढ्यात धुऊ नये, औषधाच्या रिकाम्या बाटल्या बांधावर टाकू नयेत. ट्रॅक्टर व मोटारसायकल नाल्यात उभी करून धुण्याची रीत सोडावी. काढलेले जुने तेल जमिनीवर न ओतता डब्यात भरून गॅरेजवाल्यास परत द्यावे. न्हाणीचे पाणी शोषखड्ड्यात सोडावे. शौचालयाची टाकी भरून वाहू देऊ नये. छपराचे पाणी, पहिल्या सरी वाहून गेल्यावर, टाकीत किंवा पुनर्भरणाच्या खड्ड्यात घ्यावे. गटार उपसल्यावर गाळ काठावरच ठेवू नये; पुढच्या सरीसरशी तो पुन्हा आतच जातो.

यांतील कोणतीही गोष्ट एकट्याने केली तर क्षुल्लक वाटेल. पण थेंबे थेंबे तळे साचते, तसे थेंबे थेंबे ते नासतेही. म्हणून आमची सूचना अशी की, दरवर्षी मृगापूर्वीच्या एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर धर्मग्रामातील कुटुंबांनी मिळून देवळाचे आवार, शाळेचे पटांगण व जवळचा नाला स्वच्छ करावा, आणि या कामात शेजारच्या अन्य धर्मीय बांधवांसही आदराने बोलवावे. पाण्यास जात-धर्म ठाऊक नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात शुद्ध पेयजल हा प्रत्येक मनुष्याचा मूलभूत हक्क असल्याचे प्रतिपादिले. अस्सीसीच्या संत फ्रान्सिसांनी तर पाण्यास बहीण मानले. आपला ख्रिस्ती जन्मच स्नानसंस्काराच्या पाण्याने होतो. ज्या पाण्यास आपण देवळाच्या दारी पवित्र मानून कपाळी लावतो, त्यासच परसदारी मलिन करून शेजाऱ्याकडे धाडणे, हे शेजारप्रीतीच्या आज्ञेशी कसे जुळेल?

वसईकडील बावखल असो, नगरकडील ओढा असो, वा माळव्यातील नाला असो, प्रत्येक गाव कोणा ना कोणाच्या वरच्या बाजूस आहेच. खाली कोणीतरी घागर घेऊन उभे आहे. तिचे नाव आपणांस ठाऊक नाही, तिचे तोंड आपण कधी पाहणार नाही. पण तिच्या घागरीत काय पडावे, हे थोडेबहुत तरी आपल्या हाती आहे.