शेकोटी अंगणातच हवी

डिसेंबर-जानेवारीत धुळे जिल्ह्यात पारा अनेकदा १० अंशांखाली उतरतो. दोंडाईचा परिसरातले शेतकरी त्या थंडीतही रात्रीच्या विजेवर गव्हाला पाणी भरतात. थंडीवरचे त्यांचे उपाय घरचेच आहेत. जुन्या लुगड्यांच्या गोधडीत थराथरांमध्ये हवा अडकते आणि अंगाची ऊब टिकते. कानाला रुमाल, पोटात बाजरीची गरम भाकरी आणि बांधावर पऱ्हाटीची शेकोटी. भिजलेले कपडे लगेच बदलले, तर धडधाकट माणसाला एवढे पुरते.

खरा धोका घरात आहे. निखाऱ्यांची शेगडी खोलीत ठेवून दारे-खिडक्या लावल्या, की कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूला रंग नाही, वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेला माणूस जागा न होताच दगावू शकतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर असा त्रास घरातल्या अनेकांना एकाच वेळी झाला, तर साधे आजारपण समजू नका. दारे उघडा, सर्वांना मोकळ्या हवेत आणा आणि १०८ क्रमांकावर फोन करा.

निजण्यापूर्वी शेगडी बाहेर काढा. थंडी वाजलीच, तर अंगावर आणखी एक गोधडी घ्या.