एका चेहऱ्याला तीन आकडे

रायपूर शहराखाली चुनखडीचा दगड आहे. बलौदाबाजारकडचे सिमेंटचे कारखाने ज्या दगडाच्या जिवावर उभे राहिले, त्याच जातीचा. बोअरवेलचं पाणी या थरांतून झिरपत वर येतं आणि सोबत कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. बादलीत सोडायच्या हीटरच्या रॉडवर पांढरं कवच चढतं, ते याच क्षारांचं. दाढीच्या रेझरविषयी लिहिताना मी आधी पाण्याविषयी लिहितो आहे, कारण रायपुरात चांगल्या दाढीचा निम्मा निकाल रेझर हातात घेण्याआधीच लागलेला असतो.

जड पाण्यातलं कॅल्शियम साबणातल्या मेदाम्लांशी जुळतं आणि पाण्यात न विरघळणारा चिकट मळ तयार होतो. ब्रश कितीही घोळवला तरी फेस वर येतो, फुगतो आणि गालावर पोहोचेपर्यंत बसतो. अशा विरलेल्या फेसावर जगातला कुठलाही रेझर खरवडतच जाणार. उपाय साधा आहे. चुनखडीतून आलेला जडपणा बहुतांशी बायकार्बोनेटचा असतो आणि तो उकळल्यावर खाली बसतो. म्हणून पाणी उकळून, निवळून, वरचं वाटीभर घ्यावं, किंवा आरओचं घ्यावं. ब्रश त्यातच भिजवावा आणि फेसही त्यातच करावा. तोंड धुवायला बोअरवेलचं चालतं, पण फेसाला चालत नाही. एवढा एक बदल केला की तोच साबण, तोच ब्रश सायीसारखा दाट, ओलसर फेस देतो.

दुसरी गोष्ट वेळेची. केस पाणी पितो, फुगतो आणि मऊ होतो. कोमट पाण्यात याला दोन-तीन मिनिटं लागतात. ओला केस कापायला कोरड्या केसापेक्षा बराच कमी जोर लागतो. मे महिन्यात, नवतप्याच्या कडक उन्हाच्या दिवसांत, गच्चीवरच्या टाकीतून सकाळीही कोमट पाणी येतं, तेव्हा हे काम आपोआप होतं. डिसेंबरात मात्र आंघोळ आधी आणि दाढी नंतर, हा क्रम पाळावा लागतो.

आता रेझर. दोन धारांच्या पात्याचा सेफ्टी रेझर किंग जिलेट यांनी बाजारात आणला. १५ नोव्हेंबर १९०४ रोजी त्यांना त्याचं अमेरिकी पेटंट मिळालं. पातं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं पातळ. वरची टोपी त्याला किंचित वाकवून धरते, खालची पट्टी त्वचेला दाबून सपाट करते आणि या दोहोंमधून धार जेमतेम डोकावते. पट्टी आणि धार यांच्यातली फट किती, धार बाहेर किती आणि ती त्वचेला कोणत्या कोनात भिडते, यावर रेझरचा सगळा स्वभाव ठरतो. फट लहान असेल तर रेझर सौम्य. त्याने सहसा कापत नाही, पण वाढलेले खुंट त्यात अडकतात आणि एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा हात फिरवावा लागतो. फट मोठी असेल तर एका फटक्यात रान साफ, पण हात जड पडला की त्वचेचा पापुद्राही निघतो.

साध्या रेझरमध्ये ही फट कारखान्यात कायमची ठरते. ॲडजस्टेबल रेझरमध्ये ती आपल्या हाती येते. चकती फिरवली की खालची पट्टी पात्यापासून केसभर दूर जाते किंवा जवळ येते. जिलेटने १९५८ मध्ये आणलेल्या अशा रेझरची किंमत १ डॉलर ९५ सेंट होती, म्हणून त्याला ‘१९५’ म्हणत. जाड मुठीमुळे शौकिनांनी पुढे त्याला ‘फॅटबॉय’ म्हणायला सुरुवात केली. त्याच्या मानेवर १ ते ९ आकडे आहेत. १९६१ मध्ये त्याची सडपातळ आवृत्ती आली आणि पुढे काळ्या मुठीची. १९७१ मध्ये जिलेटने दोन पात्यांचं कार्ट्रिज काढलं आणि या यंत्रांचे दिवस भरत आले. जर्मनीतल्या झोलिंगनच्या मेर्कुरने मात्र ॲडजस्टेबल रेझर बनवणं सोडलं नाही; ‘प्रोग्रेस’ आणि ‘फ्यूचर’ हे त्याचेच. आज पार्करचा ‘व्हेरिएंट’ आहे, आणि पार्करचे रेझर भारतातच बनतात.

यांची तुलना करायची तर एकाच चेहऱ्यावर, एकाच वेळी करावी. मी डाव्या गालावर एक आणि उजव्यावर दुसरा रेझर चालवतो आणि पुढच्या वेळी बाजू बदलतो. बाजू बदलणं महत्त्वाचं आहे, कारण उजव्या हाताने डावा गाल करताना मनगट वेगळं वळतं आणि रेझरचा गुण हाताच्या नावावर जातो, नाहीतर हाताचा दोष रेझरच्या नावावर. पाती एकाच पाकिटातली, दोन्ही रेझरना कोरी. साबण तोच आणि पाणी आरओचं. झाल्यावर गालावरून कापसाचा पुंजका उलट्या दिशेने ओढायचा. जिथे तंतू अडकतात तिथे खुंट राहिले. मग कोरड्या हाताने ओली तुरटी फिरवायची. ती जिथे झोंबते तिथे त्वचा खरवडली गेली आहे. आरसा दाखवत नाही ते तुरटी सांगते. शेवटची परीक्षा रायपूरची दुपार घेते. मालवीय रोडवर उन्हातून चालताना मानेवर घाम उतरतो आणि सकाळी कुठे जास्त घासलं ते जागच्या जागी कळतं.

फॅटबॉय मला एका स्नेह्यांच्या घरून मिळाला. डोक्याच्या खालच्या बाजूला ‘एफ ३’ असा ठसा आहे, म्हणजे १९६० ची तिसरी तिमाही. मुठीच्या तळाची घुंडी फिरवली की वरच्या दोन झडपा उघडतात, पातं ठेवायचं, घुंडी उलटी फिरवायची. आकडा बदलण्याआधी ही घुंडी जराशी सैल करावी आणि बदलल्यावर पुन्हा कसावी, म्हणजे यंत्रावर ताण येत नाही. त्याच्या एका आकड्यापासून दुसऱ्यापर्यंतचा फरक बारीक आहे. २ आणि ३ मधला फरक गालावर कळत नाही, हनुवटीखाली कळतो. ९ वर लावला की पात्याचा आवाज बदलतो. पंखा बंद असेल तर न्हाणीघरात स्पष्ट खर्र ऐकू येते. हा आवाज मला फार उपयोगी वाटतो. तो येईपर्यंत केस कापले जाताहेत. तो थांबला की त्या जागी रेझर पुन्हा फिरवण्यात अर्थ नाही.

मेर्कुर प्रोग्रेसला झडपा नाहीत. टोपी सुटी निघते आणि तळाच्या घुंडीने १ ते ५ पर्यंत फट बदलते. टोपीवरची खूण खालच्या भागावरच्या खुणेशी जुळवून बसवावी लागते, नाहीतर पातं तिरकं बसतं. पातं घातल्यावर दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का, हे उजेडात धरून बघितलंच पाहिजे. १ वर तो फार सौम्य, ३ च्या आसपास रोजच्या दाढीला पुरेसा. डोकं लहान असल्याने नाकाखाली आणि कल्ल्यांजवळ चांगला वळतो.

फ्यूचर जड आणि मोठा. त्याचे आकडे १ ते ६, पण त्याचा १ हा प्रोग्रेसच्या १ पेक्षा कितीतरी जोरकस आहे. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आकडे ज्या त्या रेझरचे असतात. एका रेझरवरचा ३ दुसऱ्याच्या ३ शी ताडून बघता येत नाही. तीन-चार दिवसांची दाढी असेल तर फ्यूचरसारखं काम बाकी कोणी करत नाही. रोजच्या दाढीला मात्र तो गरजेपेक्षा जास्त आहे. टोपी दाबून बसवायची असते, तेव्हा बोटं धारेपासून दूर ठेवावीत आणि गुळगुळीत मूठ कोरड्या हाताने धरावी.

पार्कर व्हेरिएंट १ ते ५ चा. वजन भरपूर, पकड चांगली. खालच्या आकड्यांवर नवशिक्याला सांभाळून घेतो, वरच्या आकड्यांवर दाट दाढीला पुरा पडतो. कॅनडाच्या रॉकवेलच्या सुट्या पट्ट्यांच्या रेझरचा रस्ता वेगळा आहे. त्याला चकती नाही. तीन पट्ट्या, प्रत्येक दोन्ही बाजूंनी वापरण्याजोगी, म्हणजे सहा प्रकार. यंत्र नसल्याने बिघडायला काही नाही आणि पट्टी घट्ट बसते, म्हणून कापही अगदी स्थिर. पण दाढी अर्धी झाल्यावर फेसाळ हातांनी रेझर उघडून पट्टी बदलणं व्यवहारात होत नाही.

आणि माझ्या मते ॲडजस्टेबल रेझरचा खरा उपयोग दाढी चालू असतानाच आकडा बदलण्यात आहे. बहुतेक लोक ॲडजस्टेबल रेझर घेतात, काही दिवस आकडे फिरवून बघतात, एक आवडला की तिथेच थांबतात आणि मग चकतीला हात लावत नाहीत. गुळगुळीत दाढी हवी म्हणून आकडा चढवत नेणारेही पुष्कळ. माझा अनुभव उलट आहे. आकडा प्रत्येक फेरीला उतरवत न्यावा.

पहिल्या फेरीला खुंट लांब असतात आणि दिशा सुलटी, वरून खाली. इथे मोठी फट हवी, म्हणजे केस न अडकता एका ओढीत कापले जातात. फॅटबॉयवर मी इथे ६ किंवा ७ ठेवतो. दुसऱ्या फेरीला पुन्हा फेस लावून आडवा हात, कानाकडून नाकाकडे. केस आता आखूड आहेत, त्वचा एकदा घासली गेली आहे, आकडा ४. तिसरी फेरी उलट्या दिशेची, खालून वर. इथे केस उरलेला नसल्यातच जमा असतो आणि धार सरळ त्वचेला भिडते, आकडा २. एकच आकडा तिन्ही फेऱ्यांना ठेवला तर एकतर पहिली फेरी अपुरी होते किंवा तिसरी झोंबते.

मानेला वेगळा न्याय लागतो. गालावरचे केस साधारण एका दिशेने वाढतात. मानेवर, विशेषतः कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना, भोवऱ्यासारखे फिरतात. दोन दिवस दाढी न करता बोट फिरवून ही दिशा एकदा ओळखून घ्यावी. ज्यांचे केस कुरळे आणि राठ आहेत, त्यांच्या मानेवर खूप खोल कापलेला केस त्वचेखालीच वळतो आणि पुटकुळी उठते. अशांनी मानेवर उलटी फेरी करूच नये; सुलटी आणि आडवी पुरे, आकडा लहान.

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या सलूनमध्ये खुर्चीवर बसून न्हाव्याचा हात पाहिला, तेव्हा ही गोष्ट मला जास्त उलगडली. त्याच्या वस्तऱ्यात अर्धं मोडलेलं पातं असतं. त्याला पट्टी नाही, फट नाही, आकडा नाही. अंगठ्याने त्वचा ताणून तो गालावर वस्तरा जरा उभा धरतो, गळ्यावर जवळजवळ आडवा पाडतो आणि दुसऱ्या फेरीच्या वेळी दाब निम्मा करतो. फेरीगणिक, जागेगणिक त्याचं मनगट बदलत असतं. हे मनगट कमवायला त्याला वर्षं लागली. चकतीवरचे आकडे त्या मनगटाचा थोडा भाग आपल्याला उसना देतात. म्हणून चकती एकाच जागी ठेवणं म्हणजे मिळालेलं मनगट न वळवणं.

पात्याकडेही लक्ष हवं. २०२० मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असलेला केसही धारेचे बारीक कपचे उडवतो. केस कापताना वाकतो आणि पोलादाच्या घडणीत जिथे एकसारखेपणा नसतो तिथे टवका निघतो. म्हणजे धार नुसती झिजत नाही, मोडते. मोडलेल्या धारेने केस ओढला जातोय असं वाटलं की आकडा वाढवू नये, पातं बदलावं. गोलबाजारात सेव्हन ओ’क्लॉक, टोपाझ अशी पाती काही रुपयांत मिळतात. सुपरमॅक्सची पाती तर आपल्या ठाण्यात बनत. तिथून ही पाती अनेक देशांत गेली. जुनी पाती कचऱ्यात सुटी टाकू नयेत. झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात साठवावीत, म्हणजे सफाई कामगाराचा हात वाचतो.

कुठला रेझर घ्यावा, हे मला विचारलं जातं. रोज दाढी करणाऱ्या, मऊ केसांच्या माणसाला चकतीची गरज नाही. चांगला साधा सेफ्टी रेझर त्याला जन्मभर पुरेल. दाढी दाट, मान नाजूक आणि कधी रोज तर कधी चार दिवसांनी वस्तऱ्याखाली येणारा चेहरा असेल, तर प्रोग्रेस किंवा व्हेरिएंट घ्यावा. जुना फॅटबॉय चांगल्या स्थितीत मिळाला तर सोडू नये, पण घेण्याआधी चकती सगळ्या आकड्यांवर फिरते का आणि दोन्ही झडपा सारख्या मिटतात का ते पाहावं. पहिल्या दिवशी सगळ्यात लहान आकड्यावर सुरू करावं, हात हलका ठेवावा, रेझरच्या वजनाला त्याचं काम करू द्यावं. जिथे खुंट राहतील तिथे पुढच्या वेळी एक आकडा चढवावा, तोही फक्त पहिल्या फेरीला. तुरटी जिथे झोंबेल तिथे एक उतरवावा. असं करत गेलं की आपल्या चेहऱ्याचे आकडे आपल्याला सापडतात, आणि ते दुसऱ्या कुणाला विचारून मिळत नाहीत.