आधी पासपोर्ट दाखवा

डोंगरीतल्या त्या खोलीत एक टेबल, एक संगणक आणि पानं निसटत आलेला अरबी शब्दकोश. अरबी कागदपत्रांचं इंग्रजी भाषांतर करणाऱ्या चाचांकडे मी सकाळभर बसले होते. रत्नागिरीकडच्या एक बाई आल्या. मुलाचा जन्म आखातातला, दाखला अरबीत. चाचांनी तो उघडलाही नाही. म्हणाले, "आधी दोघांचे पासपोर्ट दाखवा."

मला वाटलं, ओळख पटवायला. कारण वेगळंच होतं. चाचांनी कोऱ्या कागदावर मला एक नाव लिहून दाखवलं: झैनुद्दीन. अरबीत आठ अक्षरं, मधल्या लामवर त्यांचं बोट. "हा लिहायचा, बोलायचा नाही." नाव मुळात झैन-अल-दीन; त्यातल्या 'अल'मधला हा 'ल' पुढे 'द' आला की त्यातच विरतो. आपल्याकडे जगत् आणि नाथ मिळून जगन्नाथ होतो, तसंच. पण आपण संधी झाल्यावर बोलतो तसं लिहितो, अरबी लेखन मात्र मूळ रूप सोडत नाही. २८ पैकी १४ व्यंजनांपुढे हे घडतं. मग इंग्रजीत उतरवताना डोळ्याचं ऐकायचं की कानाचं? डोळ्याचं ऐकलं तर एल येतो, कानाचं ऐकलं तर दोन डी.

फुटबॉलपटू झिदानचं पहिलं नाव हेच. आईवडील अल्जीरियाचे, जन्म फ्रान्समधला, म्हणून त्याचं स्पेलिंग झेड-आय-एन-ई-डी-आय-एन-ई. शेवटचा ई नसता तर फ्रेंच माणसाने तो 'न' नाकात उच्चारला असता! ट्युनिशिया, मोरोक्कोतही फ्रेंच वळण टिकून आहे. तिथला रशीद सी-एच घालून लिहितात आणि आपण इंग्रजी वाचून त्याला रचिद म्हणतो.

स्वरांचं तर विचारूच नका. ऱ्हस्व स्वरांच्या खुणा अरबीत आहेत, पण रोजच्या लिखाणात कोणी त्या देत नाही. मुहम्मद म्हणजे कागदावर मीम, हा, मीम, दाल, एवढंच. मोडी वाचताना ऱ्हस्व-दीर्घ आपल्यालाच ओळखावे लागतात. इथे तर स्वरच ओळखायचा. शिवाय ऱ्हस्व स्वर तीनच: अ, इ, उ. त्यामुळे मुहम्मदच्या पहिल्या अक्षरानंतर यू लिहायचा की ओ, हा वाद अरबी लिपीपुरता संभवतच नाही.

व्यंजनंही गावोगाव बदलतात. कैरोत 'ज'चा 'ग' होतो, म्हणून इजिप्तच्या नासरचं पहिलं नाव जमाल नव्हे, गमाल. लिबियात क़ाफचा उच्चार 'ग'. गद्दाफीचं नाव इंग्रजी वर्तमानपत्रांनी जी, क्यू आणि के या तिन्ही अक्षरांनी सुरू केलं. यातलं एकही स्पेलिंग चूक नव्हे, आणि खिडकीपलीकडून कोणी "नाव चुकलंय" म्हणून अर्ज परत करतं तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. ते नाव कुणाच्या तोंडून, कुणाच्या हातून आलं, हेच तर त्या अक्षरांत उमटलेलं असतं.

बाईंच्या नावात ज्वाद होता. अरब त्याला दाद म्हणतात, उच्चारही जड 'द'सारखा. फारसीतून आलेली नावं आपण 'ज'ने उच्चारतो. तिकडचं रमादान आपल्याकडे रमजान झालं, ते याच अक्षरामुळे. दाखल्यावरून सरळ उतरवलं असतं तर डी पडला असता, आणि मुलाच्या कागदावरची आई पासपोर्टवरच्या आईशी जुळली नसती.

"घरी काय हाक मारतात?" चाचांनी विचारलं. बाईंनी नाव सांगितलं. 'ज' स्पष्ट होता. पासपोर्टवरही झेडच. चाचांनी झेड टाइप केला, पडदा त्यांच्याकडे वळवला आणि म्हणाले, "एकेक अक्षर वाचा, घाई नाही."