एका वाघाची वाट आणि शास्त्रीय फलक

नागपुरास विज्ञान काँग्रेसचे अधिवेशन १९२० साली प्रफुल्लचंद्र रॉय ह्यांच्या अध्यक्षतेखाली भरले होते. २०२३ च्या जानेवारीतही ते येथे भरले. मधल्या काळात अशा मेळाव्यांतून एक नवी चाल रुळली आहे. निबंध वाचण्याऐवजी आपले संशोधन फलकावर मांडावयाचे आणि त्याच्या शेजारी उभे राहावयाचे. फलक पुष्कळदा ८४ सेंटिमीटर रुंद व ११९ सेंटिमीटर उंच असतो. पाहणारा हातात चहाचा पेला घेऊन चालत असतो. त्याला थांबविण्यास अर्धे मिनिटही मिळत नाही.

आपल्याच मुलखातले उदाहरण घेऊ. २०१९ च्या फेब्रुवारीत यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात एका तरुण नर वाघाच्या गळ्यात पट्टा बसविण्यात आला. भारतीय वन्यजीव संस्थेचे संशोधक त्यावरून उपग्रहाच्या साहाय्याने त्याचा ठावठिकाणा टिपून घेत होते. पुढे तो शेते, नाले, रस्ते ओलांडीत, तेलंगणातही शिरून, सुमारे १,३०० किलोमीटर हिंडला आणि त्याच वर्षअखेर बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला.

ह्याचा फलक करावयाचा, तर नवशिका विद्यार्थी प्रथम वाघाचे भलेमोठे छायाचित्र लावील. ते मोहक खरे, पण वाघ कसा दिसतो हे नागपूरकरास कोणी शिकवावयास नको! मधोमध जागा नकाशाला द्यावी. मथळा 'वाघाच्या भ्रमंतीचा अभ्यास' असा मोघम नको. 'एक तरुण वाघ शेतीच्या मुलखातून टिपेश्वराहून ज्ञानगंगेस गेला' असा असावा.

खरी कसोटी नकाशावरील रेषेची. पट्टा ठराविक वेळाने एकेक ठिकाण सांगतो. दोन बिंदूंमधली सरळ रेषा आपण ओढतो, वाघ तसा चाललेला नसतो. म्हणून अंतरापुढे 'निदान' हा शब्द हवा, आणि ही हिंडलेली वाट आहे, दोन अभयारण्यांतील सरळ अंतर नव्हे, हेही तेथेच लिहावे. तो वाघिणीच्या शोधात निघाला, असे कोणीही सहज म्हणेल. परंतु पट्टा 'कोठे' ते सांगतो, 'का' ते सांगत नाही. तो तर्क तर्क म्हणूनच मांडावा. शिवाय वाघ एकच, तेव्हा 'वाघ असे करतात' हे वाक्य खोडावे. आणि त्याच्या नेहमीच्या बसण्याउठण्याच्या जागा बारकाव्याने दाखवू नयेत. फलक शिकारचोरही वाचू शकतो.

छापण्यापूर्वी तो भिंतीस लावून शेजारच्या एखाद्या गृहस्थास चार-पाच फुटांवर उभे करावे आणि वाघाने काय केले ते विचारावे. उत्तर आले नाही, तर मजकूर कापावयास घ्यावा.