मनाची औषधे आणि घरातली पिशवी



मी प्रॅक्टिस करीत असतानाची गोष्ट. एक आजी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी तोल जाऊन पडल्या. हात थरथरत होते, उलट्या होत होत्या, बोलणे अडखळत होते. घरच्यांना वाटले पक्षाघात. रक्त तपासले तेव्हा कळले, लिथियमचे प्रमाण फार वाढले होते.

लिथियम हे १९४९ साली ऑस्ट्रेलियाच्या डॉ. जॉन केड यांनी पुढे आणलेले, मनाच्या टोकाच्या चढउतारांवरचे उत्तम औषध. पण गुण येण्याची मात्रा आणि विषबाधेची मात्रा यांत अंतर थोडेच. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. शरीरात मीठ-पाणी कमी झाले की साचू लागते. आजींना मानसोपचारतज्ज्ञांनी लिथियम दिले होते. रक्तदाबासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी लघवी वाढवणारी गोळी सुरू केली. गुडघ्यांसाठी त्या स्वतःच आयबुप्रोफेन घेत. त्यात निर्जळी उपवास! प्रत्येक गोष्ट लिथियम वाढवणारी, आणि सगळ्या मिळून कोणालाच दिसल्या नाहीत. आजी वाचल्या, पण आठवडाभर रुग्णालयात होत्या.

म्हणून सर्व औषधे शक्यतो एकाच फार्मसीतून घ्यावीत. एकमेकांशी न जुळणाऱ्या गोळ्या फार्मासिस्टच्या संगणकावर लगेच दिसतात. भारतातून बॅगेत आलेल्या झोपेच्या गोळ्या आणि अश्वगंधा मात्र तिथे दिसत नाहीत. ती पिशवी उचलून तशीच डॉक्टरांपुढे ठेवा. मनाच्या गोळ्या लाजेने लपवू नका. मधुमेहाच्या आपण कुठे लपवतो?

घरी येणारी नर्स गोळ्यांचा डबा पाहते, उभे राहिल्यावर रक्तदाब उतरतो का तेही पाहते. सोशल वर्कर औषधांच्या खर्चासाठी न्यू जर्सीच्या ‘पाड’ योजनेचा अर्ज भरून देतात. दुभाषीही मागा, तो मोफत मिळतो. नातवाला दुभाषी करू नये. जगणे नकोसे वाटते, हे आजी त्याच्यासमोर सांगणार नाहीत.

लिथियमची रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर सुमारे बारा तासांनी करतात. उपवासाआधी डॉक्टरांना विचारा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. मन फारच खचले तर ९८८ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांना तपासणीला नेण्यासाठी गाडी चालवणारे स्वयंसेवक हवे आहेत. महिन्यातून एक सकाळ देऊ शकणाऱ्यांनी मंदिराच्या कार्यालयात नाव नोंदवावे.