शेल्याचा रंग आणि इमानाचा रंग

भाऊबंदांच्या लढाईंत पहिली अडचण ही कीं, मारावयाचा कोण व राखावयाचा कोण हें वेषावरून ओळखूं येत नाहीं. भीष्मपर्वाच्या आरंभींच युधिष्ठिरानें व दुर्योधनानें आपापल्या सैन्यास निरनिराळ्या संज्ञा व खुणा नेमून दिल्याचें वर्णन आहे, तें याचकरितां.

सतराव्या शतकांत इंग्लंडांत राजा व पार्लमेंट यांच्यामध्यें यादवी युद्ध (१६४२ ते १६५१) जुंपलें, तेव्हां तेथेंही हाच प्रश्न उभा राहिला. भाषा एक, चिलखतें एक. म्हणून अंमलदार खांद्यावरून किंवा कंबरेस रंगीत रेशमी शेला बांधीत. पार्लमेंटचा सेनापति एसेक्सचा अर्ल. त्याच्या घराण्याचा नारिंगी रंग त्याच्या लोकांनीं घेतला. राजपक्षीय बहुधा तांबडा शेला वापरीत. ता. २३ ऑक्टोबर १६४२ रोजीं एजहिल येथें फॉर्टेस्क्यू नामक सरदाराचें पथक ऐन रणांत राजास जाऊन मिळालें. परंतु कित्येकांस नारिंगी शेले टाकण्याचें भान राहिलें नाहीं, आणि ते नव्या मित्रांच्याच हातून मारले गेले. उलट १६४४ सालीं मार्स्टन मूर येथें शत्रूंच्या गराड्यांत सांपडलेल्या टॉमस फेअरफॅक्सनें टोपीवरील पांढरी खूण काढून टाकली, व तो त्यांच्यामधूनच सुखरूप निघून गेला. खुणेनें मारलें, खुणेच्या अभावानें तारलें. अंतःकरण मात्र कोणीं पाहिलें नाहीं!

त्याच शतकांत आमच्या भोर-वेल्ह्याच्या डोंगरांतही निवडीचा असाच प्रसंग आला. इ. स. १६५९ मध्यें अफजलखान वाईस उतरला होता आणि आदिलशहाचीं फर्मानें मावळच्या देशमुखांच्या दारीं येत होतीं. शिवाजीमहाराज त्या काळीं वेल्ह्याकडील राजगडावरून राज्य चालवीत. भोरजवळच्या रोहिडखोऱ्यांत देशमुखीचीं दोन घरें : कारीचे जेधे व उत्रोळीचे खोपडे. खोरें एक, बोली एक, पागोटेंही एकच. खंडोजी खोपडे खानास मिळाले. कान्होजी जेधे आपल्या पांच पुत्रांसह महाराजांकडे आले. फर्मान पुढें ठेविलें आणि वतनावर पाणी सोडिलें. वतन म्हणजे मावळी माणसाचा प्राण, हें ज्यास ठाऊक आहे त्यासच त्या ओंजळभर पाण्याचें मोल कळेल.

ता. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं खान पडला. पुढें खंडोजींसाठीं रदबदली केली ती कान्होजींनींच! महाराजांनीं त्या शब्दाखातर प्राण राखिले. मात्र उजवा हात व डावा पाय तोडविला. शेजाऱ्याचा शब्द राहिला आणि फितुरीची शिक्षाही चुकली नाहीं.

आपल्याकडे मानाची खूणही होती, पण ती निराळी. दरबारांतील तलवारीचें पहिलें पान जेध्यांचें. ता. १३ जुलै १६६० रोजीं घोडखिंडींत बाजी प्रभु देशपांडे व हिरडस मावळचे बांदल यांनीं देह ठेवून वाट रोखली. त्यानंतर तें पहिलें पान बांदलांस मिळालें, आणि जेध्यांनीं त्यास आनंदानें संमति दिली, असें परंपरा सांगते.

शेला क्षणांत उतरतो व क्षणांत चढतो. स्वतःचें पान दुसऱ्याच्या पराक्रमापुढें सरकविणें मात्र कठीण. एका चुलीभोंवतीं चार भावांचे संसार चालविणाऱ्या आपल्या घरांत रोज निकड पडते ती ह्याच थोरपणाची. कारीचें गांव तें आपणांस शिकवितें.