ठिपक्यांतील छाया

नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वरच्या परिसरात संत्र्यांच्या बागा आहेत. तेथील एखादे पिकलेले संत्रे उन्हात धरून पाहावे. ज्या अंगावर ऊन पडते, ते अंग पांढुरके भासते. पुढे तोच रंग फिका नारिंगी, मग गडद नारिंगी होत होत पलीकडच्या अंगाला सावलीत बुडतो. उजेड कोठे संपला आणि सावली कोठे सुरू झाली, हे बोट ठेवून दाखविता येत नाही. या हळूहळू बदलणाऱ्या छटांमुळेच संत्रे गोल दिसते. छापलेल्या चित्रात ही छटा मध्येच तुटली, तर संत्र्याची चपटी चकती होते. घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या एकुलत्या एका छायाचित्राची नवी प्रत छापताना असे झाले, तर गालाची गोलाई जाते, डोळ्यांखालची सावली डागासारखी दिसते आणि आपलेच माणूस परके वाटू लागते.

चित्रकार रंगात पाणी मिसळून तो फिका करतो. छपाईच्या यंत्रास हे साधत नाही. कागदावर एखाद्या जागी शाई लागते किंवा लागत नाही. मधली अवस्था नाही. मग मधल्या छटा येतात कोठून?

याचे उत्तर कापसाच्या शेतात मिळते. बोंडे तुरळक फुटली असता शेत दुरून किंचित पांढुरके दिसते. दाट फुटली म्हणजे पांढरेशुभ्र दिसते. दुरून प्रत्येक बोंड वेगळे ओळखता येत नाही. डोळा पांढरे व हिरवे एकत्र करून पाहतो. शाईच्या बारीक ठिपक्यांचेही तसेच आहे.

ही युक्ती जुनी आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला व पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथे चित्रे शिळाछापाने छापली जात. या पद्धतीत कारागीर दगडावर हाताने बारीक ठिपके काढून छाया साधीत. पुढे छायाचित्र जाळीदार काचेतून घेऊन त्याचे ठिपक्यांचे ठसे करण्याची रीत आली. त्यात गडद भागी मोठे व फिक्या भागी लहान ठिपके येत. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांपुढे आणणारे दादासाहेब फाळके त्यापूर्वी याच ठशांच्या व छपाईच्या व्यवसायात होते.

आजचे ‘इंकजेट’ यंत्र केसाहून बारीक छिद्रांतून शाईचे थेंब कागदावर उडविते. लिटरच्या एक लाख कोटीव्या भागास पिकोलिटर म्हणतात. चांगल्या यंत्राचा थेंब अवघ्या काही पिकोलिटरांचा असतो. तरीही फिक्या भागात गडद थेंब विरळ पडले, म्हणजे ते वाळूच्या कणांसारखे डोळ्यांत खुपतात. म्हणून काही यंत्रांत त्याच रंगाची फिकी शाईही ठेवतात. फिक्या शाईचे थेंब दाट पडले तरी कागद उजळच राहतो. परंतु फिकी शाई थांबून गडद शाई एकदम सुरू झाली, तर तेथे पट्टा उमटतो. यासाठी फिकी शाई हळूहळू कमी करीत आणि गडद शाई हळूहळू वाढवीत न्यावी लागते.

थेंब कोठे टाकावा, हाही प्रश्नच आहे. १९७६ साली रॉबर्ट फ्लॉइड व लुई स्टाइनबर्ग यांनी त्याची एक सुंदर रीत मांडली. समजा, एका जागी पाव थेंबाइतकीच शाई हवी आहे. पाव थेंब टाकता येत नाही. म्हणून ती जागा कोरी ठेवून राहिलेली बाकी शेजारच्या जागांच्या हिशेबात वाटून देतात. बाकी साचली, की तेथे एक पूर्ण थेंब पडतो. अशा रीतीने एकूण हिशेब बरोबर राहतो.

कागदाचा गुणही पाहावा लागतो. साध्या कागदावर थेंब पसरतो आणि गडद भाग लवकर भरून काळवंडतो. म्हणून जाणकार मनुष्य प्रथम पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या छटांची एक पट्टी छापून तपासतो व मगच चित्रास हात घालतो. त्या पट्टीवर कोठेही रेघ दिसली नाही, म्हणजे संत्रे गोल उमटेल आणि छायाचित्रातील माणूस ओळखू येईल, अशी खात्री त्यास वाटते.